अर्धवट रिच केलेली गाडी जास्त तापते : एका सिंगल सिलिंडर इंजिनाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली गाडी ३५० सीसीची, एका सिलिंडरची, दोन व्हॉल्व्हची आणि हवेवर थंड होणारी. कार्बोरेटर सीव्ही प्रकारचा. म्हणजे हातातली केबल फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, उघडते. नीडल (पेट्रोलचं भोक कमी-जास्त उघडणारी निमुळती सुई) लावलेली स्लाइड इंजिनाच्या ओढीवर, व्हॅक्यूमने आपोआप वर जाते. गाडीत दोन बदल झालेले होते. मूळ सायलेन्सर काढून आतून मोकळा सायलेन्सर बसवला होता, आणि कागदी एअर फिल्टरच्या जागी जास्त हवा सोडणारा कापडी फिल्टर आला होता. कार्बोरेटरला मात्र कोणी हात लावला नव्हता.

तक्रार अशी. पाऊण तास चालवली की मांडीला चटका बसेल इतकं हेड, म्हणजे सिलिंडरचा वरचा भाग, तापायचं. चढावर चौथ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल दिला की हेडमधून खडखड यायची, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट. आणि गाडी गरम झाल्यावर थांबवली की आयडलिंग १,१०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) न येता १,७०० वर लटकायचं, मग तीन-चार सेकंदांनी हळूहळू खाली यायचं.

यावर एका वर्कशॉपमध्ये सरधोपट उपाय झाला होता. गाडी तापते म्हणजे लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी; जास्त असेल तर रिच), लीन आहे म्हणजे मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मोठं भोक, टाका. मेन जेट ११० चा १२० झाला आणि जोडीला एक पायरी थंड प्लग बसला. नतीजा हा की पूर्ण थ्रॉटलला गाडी जड झाली, मागे काळा धूर दिसू लागला, पेट्रोल जास्त लागू लागलं आणि तापणं होतं तिथेच राहिलं. प्लग काढून बघितला तर काळाकुट्ट. मग निष्कर्ष निघाला की मिश्रण आता रिच आहे, तेव्हा तापण्याचं कारण मिश्रणात नाहीच.

हा निष्कर्ष चुकीचा होता, पण तो कुणालाही पटेल असा होता. प्लगचा रंग शेवटच्या काही मिनिटांत इंजिन कसं चाललं ते सांगतो. वर्कशॉपमध्ये गाडी जोरात रेस करून, मग आयडलवर ठेवून बंद केली आणि प्लग काढला, तर त्यावर दिसणार ती त्या दोन अवस्थांची काजळी. चढावर अर्ध्या थ्रॉटलला काय चाललं होतं त्याचा एक शब्दही त्या प्लगवर नसतो. थंड प्लगनेही हेड थंड होत नाही. प्लगच्या टोकाला आलेली उष्णता तो हेडकडे लवकर पोचवतो, त्यामुळे वाचतं ते प्लगचं टोक. इथे तर मूळ उष्णतेचाच प्लग परत बसवावा लागला, कारण थंड प्लग हळू चालताना स्वतःची काजळी जाळू शकत नव्हता. (प्लग निवडताना आकड्यांचा घोळ होतो : एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम.)

मोजायचं कशाने

पहिल्यांदा हेडचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलं गेलं होतं. हेडला थंड करणाऱ्या धातूच्या पंखांवर रोखून बघितलं तर १३० अंश, म्हणजे काळजीचं काही नाही. पण पॉलिश केलेलं, चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फार कमी उत्सर्जित करतं, त्यामुळे असं यंत्र खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवतं. त्याच जागी उष्णता सहन करणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा नाण्याएवढा ठिपका दिला, रंग वाळू दिला आणि पुन्हा तशीच गाडी चालवून मोजलं तर आकडा एकदम वर गेला. तापणाऱ्या गाडीचं मोजमाप करणाऱ्याने हा ठिपका देण्याचा आळस करू नये.

पुढची सगळी मोजमापं प्लगच्या वॉशरच्या जागी बसणाऱ्या, के प्रकारच्या थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या) रिंगने घेतली. ही रिंग हेडच्या आतलं नेमकं तापमान देत नाही. प्लगच्या बुडाशी जे आहे ते देते. दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. तीच गाडी, तीच रिंग, तोच रस्ता असेल तर मात्र चार-पाच अंशांचा फरकसुद्धा भरवशाने दिसतो.

मिश्रणासाठी बेंड पाइपवर, म्हणजे हेडमधून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपवर, वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर बसवला. तो धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगतो. त्यासाठी हेडपासून सुमारे ३० सेंमीवर १८ मिमी व्यासाचा, १.५ मिमी पिचचा नट वेल्ड केला, तोही पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात, सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर झुकलेला राहील असा. खाली लावला तर पाइपमध्ये साठणारं पाणी तापलेल्या सेन्सरवर उडतं आणि आतली सिरॅमिक तडकते. सेन्सर पाइपमध्ये असताना त्याला वीज न देता इंजिन चालवायचं नाही. हीटर थंड राहिला की सेन्सरवर काजळी धरते. काम झाल्यावर सेन्सर काढून नटाला बूच मारलं.

सेन्सर फसतो त्या जागाही आधीच माहीत असाव्यात. एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा पाइपमध्ये ओढली जाते आणि मिश्रण आहे त्यापेक्षा लीन दिसतं. इंजिन मिसिंग करत असेल तरी लीनच दिसतं, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. मोकळ्या, आखूड सायलेन्सरमध्ये आयडलला हवा मागून आत शिरते, म्हणून आयडलचा लॅम्ब्डा या गाडीवर धरलाच नाही. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी सेकंडरी एअरची नळी असेल तर ती मोजण्यापुरती चिमट्याने बंद करायची आणि नंतर उघडायची.

आकडे लॅम्ब्डामध्येच लिहिलेले बरे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १४.१ पट. मीटर बहुतेक वेळा १४.७ ने गुणून प्रमाण दाखवतो आणि माणूस टाकीत काय आहे ते विसरून त्या आकड्यामागे लागतो. लॅम्ब्डा १ म्हणजे हवा आणि इंधन नेमकं जुळलेलं, मग इंधन कुठलंही असो. त्यावर गेला तर लीन, खाली आला तर रिच.

शेवटी थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर पांढरी टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या. दिसायला हे किरकोळ आहे, पण चालकाने 'अर्धा थ्रॉटल' म्हटलं आणि प्रत्यक्षात तो पाव निघाला, हे नेहमी होतं.

तापण्याची टेकडी

लीन म्हणजे गरम आणि रिच म्हणजे थंड, असं सगळे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे आणि या प्रकरणाचा सगळा गुंता त्या उरलेल्या अर्ध्यात होता.

इंजिनाचं तापमान मिश्रणानुसार टेकडीसारखं चढतं आणि उतरतं. एक्झॉस्टचा वायू सर्वात गरम असतो तो लॅम्ब्डा १ च्या आसपास. हेड सर्वात तापतं त्याच्या किंचित रिच बाजूला, साधारण ०.९५ च्या आजूबाजूला, कारण तिथे ज्वाळा वेगाने पसरते आणि सिलिंडरमधला दाब वाढतो. आणखी रिच केलं की उतार सुरू होतो. जास्तीच्या पेट्रोलला ऑक्सिजन पुरत नाही, कार्बन पूर्ण न जळता कार्बन मोनॉक्साइडवर थांबतो आणि तेवढी उष्णता बाहेर पडतच नाही. शिवाय जास्तीचं पेट्रोल वाफ होताना थोडी उष्णता शोषून घेतं. ताकद सर्वात जास्त मिळते ती ०.८६ ते ०.९० च्या पट्ट्यात. म्हणजे ताकद आणि गारवा दोन्ही एकाच बाजूला आहेत.

टेकडीच्या दुसऱ्या बाजूलाही, १.०५ च्या पुढे लीन केलं तर, तापमान उतरतं. पण कार्बोरेटरच्या सिंगल सिलिंडरला तिथे राहता येत नाही. ज्वाळा संथ होते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहते, गाडी धक्के देते आणि चढावर खडखडते.

आता ही गाडी टेकडीच्या लीन बाजूच्या उतारावर उभी आहे असं धरा. तिला थोडंसं रिच केलं तर ती आधी टेकडी चढणार. तापमान वाढणार, किंवा आहे तिथेच राहणार. इथेच माणूस हात टेकतो.

आधी हवा कुठून येते ते बघा

चाचणीचा रस्ता ठरलेला होता : १५ किमी सपाट, ताशी ७५ च्या सारख्या वेगाने, आणि लगेच ३ किमी चढ, चौथा गिअर, अर्धा थ्रॉटल. हवेचं तापमान प्रत्येक वेळी ३१ ते ३३ अंश. एका फेरीत एकच बदल. गाडी आली तशी, म्हणजे १२० च्या मेन जेटवरच, चालवली तेव्हा सपाटीवर लॅम्ब्डा १.०७ आणि हेड १८४ अंश. चढावर लॅम्ब्डा १.०१ आणि हेड २१६, खडखडीसह. पूर्ण थ्रॉटलला लॅम्ब्डा ०.८०.

हे आकडे शेजारी मांडले की अर्धं निदान तिथेच होतं. पूर्ण थ्रॉटलला गाडी गरजेपेक्षा जास्त रिच, आणि जिथे ती तापते तिथे लीन. मेन जेटचा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे. पाव ते पाऊण हा नीडलचा मुलूख, आणि त्याखाली पायलट, म्हणजे आयडल आणि कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा पायलट जेट व त्याचं प्रमाण ठरवणारा पायलट स्क्रू. वर्कशॉपने दुरुस्ती केली ती तक्रार नसलेल्या टोकाला. जेटचा आकडा भोकाच्या व्यासाचा असेल (शंभरांश मिलिमीटरमध्ये, केहिन कंपनीच्या कार्बोरेटरसारखा) तर ११० वरून १२० वर जाताना भोकाचं क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी वाढतं. दहाचा फरक ऐकायला लहान वाटतो, पेट्रोलच्या हिशेबात तो बराच मोठा आहे. केहिन आणि मिकुनी या दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत, हेही इथेच सांगितलेलं बरं.

जेटला हात लावण्याआधी मात्र लटकणाऱ्या आयडलिंगचा छडा लावायला हवा होता. आयडल लटकणं म्हणजे बहुतेक वेळा कुठून तरी हवा ओढली जाणं, नाहीतर पायलट लीन असणं. गरम इंजिन आयडलवर ठेवून कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारला. (कार्ब क्लीनरनेही ही परीक्षा होते, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वलनशील फवारा मारण्यापेक्षा पाणी बरं, फटीत पाणी क्षणभर बसतं आणि आरपीएम बदलतो.) वरून, बाजूने, काही नाही. मग एका हाताने कार्बोरेटर हलकेच खाली दाबला आणि रबराच्या पोटाशी फवारा दिला. इंजिनाचा सूर लगेच खाली आला.

रबर काढून वाकवलं तेव्हा भेग दिसली. क्लॅम्पच्या कडेला, खालच्या बाजूला, सेंटिमीटरभर लांब. सरळ धरलं की ती मिटायची, वरून बघणाऱ्याला कधीच दिसली नसती. क्लॅम्प अति आवळल्याने तिथे रबर कापलं गेलं होतं आणि उष्णतेने ते कडक झालं होतं. अशी भेग गाडी थंड असताना आणि उभी असताना बंद असते. चालताना कार्बोरेटरच्या वजनाने आणि कंपनाने उघडते. नवं रबर, हेडच्या बाजूची नवी ओ-रिंग, आणि क्लॅम्प रबर सरकणार नाही इतपतच आवळला. अशा भेगेवर सिलिकॉन लावून काम भागवू नये. पेट्रोलने सिलिकॉन फुगतं, तुकडे सुटतात आणि थेट व्हॉल्व्हवर जातात.

याच बैठकीत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधली फट, तपासले. एक्झॉस्टची फट ०.१० मिमी हवी होती, ०.०५ निघाली. घट्ट एक्झॉस्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह आपल्या सीटवर कमी वेळ टेकतो आणि व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जात असल्याने व्हॉल्व्ह तापत राहतो. फट थंड इंजिनावर बरोबर केली. इग्निशन टायमिंग स्ट्रोब लाइटने बघितलं, ते जागेवर होतं. फ्लोटची उंची, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि पेट्रोल कॉकची जाळी, सगळं ठीक. पंखांमधला वाळलेला चिखल मऊ ब्रशने काढला.

आणि पुन्हा फेरी मारली. आयडल लटकायचं बंद झालं, फटफट निम्म्यावर आली. सपाटीवर लॅम्ब्डा १.०२, चढावर ०.९८. पण हेड सपाटीवर १८४ चं १८८ झालं होतं आणि चढावर २१६ चं २२१. खडखड कायम.

हवेची गळती बंद केली, मिश्रण सुधारलं आणि गाडी पाच अंशांनी जास्त तापली. वरची टेकडी माहीत नसेल तर या टप्प्यावर माणूस नवं रबर काढून जुनं लावेल किंवा 'मिश्रणाचा संबंध नाही' म्हणून ऑइल कूलर विकत घ्यायला जाईल. प्रत्यक्षात गाडी लीन उतारावरून माथ्याकडे सरकली होती, आणि हे अपेक्षितच होतं. आता फक्त पलीकडे उतरायचं होतं.

पलीकडे उतरताना

सुरुवात मेन जेटपासून, कारण त्याचा थोडा परिणाम खालच्या भागांवर पडतो. खालच्या भागांचा मेन जेटवर पडत नाही. १२० काढून ११५ बसवला. पूर्ण थ्रॉटलला लॅम्ब्डा ०.८० चा ०.८७ झाला. क्षेत्रफळाच्या हिशेबानेही एवढाच यायला हवा होता. मूळ ११० ठेवला असता तर त्याच हिशेबाने ०.९५ आला असता. म्हणजे मोकळ्या सायलेन्सरनंतर पाचने वर जाणं रास्त होतं, दहाने नव्हे. जडपणा गेला, धूर गेला. चढावरचं तापमान मात्र २२१ वरून हललं नाही, कारण तो नीडलचा प्रश्न.

या कार्बोरेटरच्या नीडलला क्लिप सरकवायला खाचा नव्हत्या. खाचा असत्या तर क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. खाचा नसतील तर नीडलच्या डोक्याखाली पातळ वॉशर घालतात. इथे ०.५ मिमी जाडीचे, नीडलच्या दांड्यावर सैलसर बसणारे पितळी वॉशर घेतले. काम अर्ध्या तासाचं आहे, पण चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

वरचं झाकण उघडलं की खाली स्प्रिंग असते. झाकण एका हाताने दाबून धरून स्क्रू सोडवायचे. स्लाइडसकट डायफ्रॅम (स्लाइड उचलणारा पातळ रबरी पडदा) सावकाश वर काढायचा आणि उजेडासमोर धरून ताणून बघायचा. टाचणीएवढं भोक असेल तरी स्लाइड पुरती उचलली जाणार नाही आणि पुढचं सगळं ट्यूनिंग व्यर्थ. वॉशर घालताना तो स्लाइडच्या तळातल्या व्हॅक्यूमच्या भोकावर सरकत नाही ना, ते पाहायचं. ते भोक अर्धवट झाकलं गेलं की स्लाइड आळसावते, पिकअप मरतो, आणि दोष जातो नीडलच्या उंचीवर. परत बसवताना डायफ्रॅमची कड खोबणीत चारी बाजूंनी बसली पाहिजे आणि तिचा छोटा कान आपल्या जागेवर आला पाहिजे. मग झाकण लावून स्लाइड बोटाने पूर्ण वर ढकलायची आणि सोडायची. ती संथपणे, एका लयीत खाली आली तर डायफ्रॅम नीट बसला. धपकन पडली तर कुठेतरी कड चिमटली आहे किंवा भोक आहे.

एक वॉशर, म्हणजे नीडल ०.५ मिमी वर : चढावर लॅम्ब्डा ०.९४, हेड २१९. खडखड थोडी उशिरा सुरू झाली, एवढंच. जेमतेम दोन अंशांचा फरक बघून इथेही थांबायचा मोह होतो, कारण आकडा रिच दिसतो आहे आणि गाडी थंड होत नाही.

दोन वॉशर, १ मिमी : चढावर लॅम्ब्डा ०.८८, हेड २०४. खडखड पूर्ण बंद. पंधरा अंश एका पायरीत उतरले ते काही निव्वळ मिश्रणामुळे नाही. हेड आणि पिस्टनच्या पृष्ठभागाला स्थिर वायूचा एक पातळ थर चिकटलेला असतो आणि तो धातूला ज्वाळेपासून बराच वाचवतो. नॉकिंगच्या, म्हणजे या खडखडीच्या, दाबाच्या लाटा तो थर विस्कटतात आणि उष्णता सरळ धातूत शिरते. धातू तापला की पुढच्या फेरीत नॉकिंग आणखी लवकर होतं. हे चक्र तुटलं म्हणून उतार इतका मोठा दिसला. खडखडणाऱ्या गाडीत तापमानाच्या आधी खडखड बंद करायची, ती याच कारणाने.

तीन वॉशर, १.५ मिमी : चढावर लॅम्ब्डा ०.८३, हेड २००. आणखी चार अंश मिळाले, पण पाव थ्रॉटलवरून उघडताना गाडी गुदमरू लागली, दहा किलोमीटरमध्ये प्लगवर सुकी काजळी आली. एवढं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं आणि उरलेलं ऑइलमध्ये उतरतं. चार अंशांसाठी पिस्टनच्या रिंगा झिजवणं हा वाईट सौदा आहे. तिसरा वॉशर काढला.

पायलट

सपाटीवरचा लॅम्ब्डा अजून ०.९७ होता आणि थ्रॉटल सोडताना थोडी फटफट शिल्लक होती. दोन्ही पायलटची कामं. सीव्ही कार्बोरेटरवर साध्या क्रूझिंगला थ्रॉटल इतका कमी उघडा असतो की पेट्रोलचा बराच वाटा पायलटमधून येतो. लोक याला नुसता 'स्लोचा जेट' समजून सोडून देतात.

पायलट स्क्रू बहुतेक वेळा पितळी बुचाखाली लपवलेला असतो. ३ मिमी ड्रिलने बुचाला भोक पाडायचं, तेही बूच फुटताच हात मागे घ्यायचा, नाहीतर स्क्रूचं डोकं खरवडलं जातं. भोकात पत्र्याचा स्क्रू फिरवून बूच ओढून काढायचं. आत स्क्रू, स्प्रिंग, वॉशर आणि ओ-रिंग याच क्रमाने असतात. ओ-रिंग भोकात चिकटून राहते आणि हरवते, मग नवी गळती तयार. स्क्रू आत टेकवताना दोन बोटांनी हलकेच. जोर लावला की त्याचं सुईसारखं टोक भोकात मोडतं. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की लीन. इथे पहिला प्रकार होता.

पूर्ण गरम इंजिन १,२०० वर ठेवून स्क्रू पाव-पाव आट्याने बाहेर काढत गेलो की आरपीएम वाढतो, एका जागी स्थिर होतो आणि मग पडू लागतो. वाढ थांबते ती जागा हवी. या गाडीत साडेतीन आटे काढूनही आरपीएम वाढतच होता. स्क्रू तीन आट्यांच्या पुढे मागत असेल तर पायलट जेट लहान आहे, आणि एका आट्याच्या आतच समाधान होत असेल तर मोठा. २५ चा पायलट जेट काढून २७.५ चा बसवला. आता सर्वात चांगला सूर पावणेदोन आट्यांवर आला. मग आयडल पुन्हा १,१०० वर.

शेवटच्या फेरीत सपाटीवर लॅम्ब्डा ०.९३, हेड १८२. चढावर लॅम्ब्डा ०.८८, हेड २०३. पूर्ण थ्रॉटलला ०.८७. फटफट गेली. म्हणजे सुरुवातीपासून धरलं तर चढावर १३ अंश उतरले, सपाटीवर फक्त दोन. हा दुसरा आकडा लपवायचं कारण नाही. हलक्या भारावर इंजिनात मुळात जळतंच कमी, तिथे मिश्रणाने फार फरक पडत नाही. मांडीला बसणारा चटका कमी झाला तो बेंड पाइप आणि हेड चढावर तापून पुढे तसंच राहत होतं, ते थांबल्यामुळे.

काय मिळालं, काय नाही

लिटरमागे सुमारे दोन किलोमीटर कमी झाले. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वाढला. जिथे तपासणी होते तिथे आयडलचा आकडा यंत्रावर बघूनच पायलट स्क्रू कायम करावा, वेळ पडल्यास पाव आटा आत घ्यावा. ज्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) आहे आणि सेकंडरी एअर चालू आहे, तिला इतकं रिच करू नये. न जळलेलं पेट्रोल आणि ताजी हवा कन्व्हर्टरमध्ये एकत्र जळतात आणि तो लालबुंद होतो. हेड थंड करण्याच्या नादात सायलेन्सर जळतो.

गर्दीत दहा मिनिटं उभी राहिली की गाडी अजूनही तापते. पंखांवरून हवा वाहत नसेल तर हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला कुठलंच मिश्रण वाचवत नाही. तिथे इंजिन बंद करणं हाच उपाय.

हे सेटिंग ३२ अंशांच्या हवेत, सखल भागात केलेलं आहे. हवा १२ अंशांवर आली की ती सुमारे ७ टक्के दाट होते, पण कार्बोरेटरची ओढही सोबत वाढत असल्याने मिश्रण त्याच्या साधारण निम्म्यानेच लीन होतं : ०.८८ चा ०.९१. थंड हवेने हेडही गार राहतं, म्हणून थंडीत काही बदलायची गरज नाही. उंचीवर उलट होतं. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरवर हवा सुमारे १४ टक्के विरळ असते, आणि ०.८८ चा लॅम्ब्डा ०.८२ च्या आसपास जातो, म्हणजे तीन वॉशरची गुदमरणारी गाडी परत हजर. घाटातून एखादा दिवस जाऊन येणाऱ्याने दुर्लक्ष करावं. तिथेच राहणाऱ्याने एक वॉशर काढावा, मेन जेट ११२ करावा, आणि फेरी मारून पुन्हा मोजावं. कुठेही असलं तरी १,००० किमीनंतर एक्झॉस्टचा टॅपेट, नव्या रबराचा क्लॅम्प आणि प्लग एकदा बघायचा, आणि रबर बघताना कार्बोरेटर हाताने खाली दाबूनच बघायचा.